सात दिवस झाकलेला चेहरा

सिद्राम आप्पा मूर्तीचं सगळं करायचे आणि डोळे तेवढे बाकी ठेवायचे. नाक झालं, ओठ झाले, कानाच्या पाळ्या खांद्याकडे उतरल्या, कपाळ गुळगुळीत झालं, की डोळ्यांच्या जागी मातीचे नुसते दोन उंचवटे ठेवून ते शिडीवरून खाली यायचे. बायकोचं जुनं सुती लुगडं बादलीत बुडवून पिळायचे आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर टाकायचे. हात धुवायचे, खिळ्यावरची टोपी डोक्यावर घालायचे आणि घरी जाऊन झोपायचे. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. सात दिवस.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांच्या हाताखाली लागून तीन आठवडे झाले होते. शिल्पकलेचा डिप्लोमा नुकताच पदरात पडला होता, त्यामुळे अक्कल नुसती उतू चालली होती. कागलहून रोज एसटीनं यायचे. शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, टायरवाला आणि वेल्डिंगवाला यांच्या मधे आप्पांचं पत्र्याचं शेड. त्या दिवशी येऊन बघते तर सहा फुटी बुद्ध तोंडावर ओलं लुगडं घेऊन बसलेला आणि मूर्तिकाराचा पत्ता नाही. ज्या गावची मूर्ती, तिथले दोघं जण बाकावर बसून सारखे घड्याळ बघत होते. मी तरातरा मागच्या गल्लीत आप्पांच्या घरी गेले. आप्पा सोप्यात वाकळेवर उताणे पडले होते.

"आप्पा, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीया? झोपलोय."

"अहो, पण काम?"

"मग ह्ये काय चाललंय?" कूस बदलत ते म्हणाले. "आन् तू हितं काय करतीस? फडकं वाळंल तितं. जा, पानी मार जा."

त्यांची बायको, शांताकाकू, आतून चहा घेऊन आल्या आणि हसून मला म्हणाल्या, "ह्ये सात दिस ह्यो गडी माझा आसतोय बग. बाकीचं दिस मातीचा." मला हसू आलं नाही. मनात म्हटलं, काय माणूस आहे! गिऱ्हाईक दारात आणि हा खुशाल लोळतोय.

माझंही चूक नव्हतं म्हणा. आमच्या घरी म्हशी. म्हशीला रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. पहाटे धार, संध्याकाळी धार, मधे वैरण. आमच्याकडे कुणी नुसतं बसलेलं दिसलं की आई विचारायची, "काय दुखतंय?" दुखत नसेल तर माणूस बसेलच कशाला, असा आमचा सगळ्या घराचा समज. त्यामुळे धडधाकट माणूस भर दिवसा वाकळेवर पडून "काम चाललंय" म्हणतो, हे माझ्या पचनीच पडेना.

आप्पांची स्वतःची घडण फौंड्रीतली. वीस वर्षं त्यांनी शिरोलीच्या एका कारखान्यात लाकडी पॅटर्न बनवले. ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूचा साचा करतात आणि त्यात लोखंडाचा रस ओततात, तो नमुना. आपल्या गल्लीतल्या विहारासाठी त्यांनी हौसेनं पहिली बुद्धमूर्ती केली, ती लोकांनी उचलून धरली, आणि मग नोकरी सुटून हा संसार मागे लागला. पण बोलणं फौंड्रीचंच राहिलं. मी गडबड करायला लागले की म्हणायचे, "सुरेखे, वतलेला माल साच्यात गार व्हायाच्या आदी फोडला, तर तडकतोय. लोखंडालाबी पडून ऱ्हावं लागतंय. आन् तू कोन लागून गेलीस गं?"

हे एवढंच असतं तर मी त्याला कारागिरीची खोड म्हणून सोडून दिलं असतं. पण आप्पांच्या मनात ते फार खोल होतं. पौर्णिमेला ते पांढरे कपडे घालून विहारात जायचे, अष्टशील घ्यायचे, दुपारनंतर जेवायचे नाहीत आणि त्या दिवशी मातीला बोटसुद्धा लावायचे नाहीत. कितीही घाईचं काम असो. सात दिवसांचं मूळही तिथलंच. कधीकाळी एका भन्तेजींकडून त्यांनी ऐकलं होतं की, ज्ञान झाल्यावर बुद्ध लगेच उठून लोकांना सांगायला गेले नाहीत. सात ठिकाणी सात-सात दिवस बसून राहिले. हे सांगताना आप्पांचा आवाज खाली यायचा.

"सा वर्सं जिवाचं हाल केलं, तवा काय घावलं का? न्हाय. सुजातेची खीर खाल्ली, जरा आंगात जीव आला, बसला, तवा घावलं. आन् घावल्यावरबी पळत सुटला न्हाय, बसूनच ऱ्हायला. आता मला सांग, जो मानूस येवढा बसला, त्येचं डोळं मी धावत-पळत करू? शोभंल का त्ये?"

मला ते नुसतं गोड बोलणं वाटायचं. म्हातारी माणसं बोलतात तसलं.

त्या सात दिवसांत माझं काम एकच. लुगडं वाळू द्यायचं नाही. दिवसातून तीन-चारदा फवाऱ्यानं पाणी मारायचं. कापड वाळलं तर आतली माती आकसते, तडे जातात. पण काही झालं तरी कापड उचलून आत बघायचं नाही, ही सक्त ताकीद. एकदा कापड निघालं की ते पुन्हा टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. मग दिवस तिसरा असो की सहावा. "उघडलं की उघडलं," म्हणायचे. "झोपमोड झाल्याली मानसं परत झोपत्यात का? नुसती पडून ऱ्हात्यात."

एकदा मी हट्टच धरला की या सात दिवसांत तुम्ही करता काय ते मला बघायचंय. म्हणाले, चल. लुगड्यावर पाणी मारायचं काकूंवर सोपवून आम्ही एसटीनं पन्हाळ्याला गेलो. तिथे तटाशी, वाऱ्याच्या जागी, एका झाडाखाली त्यांनी टॉवेल अंथरला आणि पायताण उशाला घेऊन आडवे झाले. पर्यटक येत होते, फोटो काढत होते, मक्याची कणसं खात होते. तासभर गेला. दोन तास गेले. मी चुळबुळ करून करून थकले.

"आप्पा, तुम्ही करताय तरी काय?"

"काय न्हाय."

"काय नाही म्हणजे?"

"काय न्हाय म्हंजी काय न्हाय. त्येलाबी येळ लागतोय की." मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझी नजर आंबलीया, पोरी. आंग आंबतंय तशी नजरबी आंबती. मग वाकडं हाय त्ये सरळ दिसाय लागतंय, आन् मानूस म्हनतोय, व्वा, काय झ्याक केलंय मी!"

तेव्हा नाही, पण नंतर एकदा ते मला पटलं. आठव्या दिवशी त्यांनी लुगडं काढलं, चार पावलं मागे सरून मूर्तीकडे पाहिलं, आणि दोन्ही तळव्यांनी ओठ मोडून टाकले. मी किंचाळलेच. त्या ओठांवर त्यांनी अकरा दिवस घालवले होते आणि मला ते फार सुंदर वाटत होते. "हसतोय त्यो," आप्पा म्हणाले. "सात दिसांमागं मला कळलंच न्हाय बग. फोटो काढाय बसल्यागत हसतोय." दुपारपर्यंत त्यांनी नवे ओठ केले आणि त्यानंतर तासाभरात डोळे. ती मूर्ती न्यायला आलेला ट्रक ड्रायव्हर चप्पल काढून उभा राहिला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अशी नऊ वर्षं गेली. आप्पांचे गुडघे कामातून गेले. शिडी चढणं जमेना. मग ठरलं, की अंग मी करायचं, चेहरा त्यांनी. माझं नाव लोकांना कळायला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलं होतं.

तेवढ्यात कागलच्या पलीकडच्या एका गावातून आठ फुटी बुद्धाचं काम आलं. विहार कमिटीचे सेक्रेटरी शाळेत गुरुजी होते. ते थेट माझ्याकडे आले, आप्पांकडे नाही. "मॅडम, जबाबदारी तुमची," म्हणाले. मॅडम! या कामानं सगळ्यांना दाखवून देईन, असं मी मनाशी धरलं. मूर्ती बुद्धपौर्णिमेला बसायची होती. मोठे पाहुणे यायचे होते, त्यांची तारीख महत्प्रयासानं मिळालेली. मी खांद्यावरच्या चीवराच्या चुण्या दोनदा मोडून तिसऱ्यांदा केल्या आणि त्यात पंधरवडा घालवला. उशीर झाला तो माझ्यामुळे, हे आजही मी कबूल करते. महिनाभर धड झोपले नव्हते. जेवतानासुद्धा त्या चुण्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

बांबूंची पायऱ्यांची परांची बांधून आम्ही आप्पांना वर चढवलं. त्यांनी चेहरा केला. उंचवटे ठेवले. लुगडं टाकलं. टोपी घातली आणि गेले.

मी हिशेब मांडला. डोळ्यांनंतर साचा, साच्यानंतर फायबर, मग रंग. सात दिवस थांबलं तर मूर्ती पौर्णिमेनंतर चार दिवसांनी होत होती. गुरुजींचे फोनवर फोन. "मॅडम, चार दिवसांसाठी गावाची शोभा व्हायची." आप्पांना सरळ विचारलं असतं तर त्यांनी 'न्हाय' म्हटलं असतं. आणि ते 'न्हाय' म्हणाले असते तर माझी हिंमत नव्हती. म्हणून मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "आप्पा, घात झाला. काल माझ्या हातून पाणी मारायचं राहिलं. गालाला तडा गेलाय, कापडावरून हाताला लागतोय."

तडाबिडा काही गेला नव्हता. मी खोटं बोलले. नऊ वर्षं ज्या कामात एकदाही कुचराई केली नाही, तेच काम चुकलं म्हणून सांगितलं, कारण दुसऱ्या कशानंही ते वाकळेवरून उठले नसते.

आप्पा गाढ झोपले होते. मी हलवून उठवलं तेव्हा क्षणभर त्यांनी मला ओळखलंच नाही. ती नजर मला अजून दिसते. मग म्हणाले, "चल."

शेडात येऊन ते परांचीवर चढले. लुगडं उचललं. उजवा गाल बघितला, डावा गाल बघितला. बोटांनी हळूच चाचपला. मग माझ्याकडे वळून बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील, खाली उतरतील, हाकलून देतील. माझी तयारी होती. खरं तर त्यांनी तसं केलं असतं तर फार बरं झालं असतं.

"उघडलं की उघडलं," एवढंच ते म्हणाले. "पान्याचं भांडं घे आन् हितं समोर हुबी ऱ्हा. उजेडात."

दिवसभर ते डोळे करत होते. एरवी तासाभरात होणारं काम. मधेच थांबायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा कोरणी उचलायचे. मला वाटत होतं, रागानं बघतायत. मी मान खाली घातली की म्हणायचे, "वर बग." संध्याकाळच्या सुमाराला कोरणी पाण्यात टाकली. "झालं बाई तुझं. जा आता, साचा घे."

मूर्ती वेळेवर बसली. पाहुणे आले, भाषणं झाली, माझा शाल देऊन सत्कार झाला. आयाबाया मूर्तीपुढे हात जोडून म्हणत होत्या, किती शांत मुद्रा आहे! आप्पा पांढऱ्या कपड्यांत मागे, खांबाशी बसले होते. वंदन करताना त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं, पण वर मूर्तीकडे पाहिलं नाही. शांताकाकू मात्र पुढे जाऊन निरखून बघत होत्या. परत येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "का गं, ह्यो डोळं मिटून बसल्यागत वाटत न्हाय. झोप येईना म्हनून बसल्यागत वाटतोय." त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी मान वर करून पाहिलं. अर्ध्या मिटलेल्या पापण्या, त्याखाली खाली वळलेली नजर, सगळं ठीकठाक. पण त्या नजरेत थकवा होता. एवढ्या मोठ्या शांत चेहऱ्यात तेवढे दोन डोळे जागे होते.

त्यानंतर आप्पांनी काम घेतलं नाही. शेडात यायचे, बाकावर बसायचे, चहा घेऊन परत जायचे. माझ्याशी वागणं पहिल्यासारखंच. थट्टा तीच, हाक तीच. त्यानं मी आतून कुरतडली जात होते. शेवटी एका दुपारी घरी गेले. काकू विहारात गेल्या होत्या. आप्पा सोप्यात पडले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. तडा नव्हता. मी खोटं बोलले.

"ठाव हाय की," ते म्हणाले. "मी काय आंधळा हाय?"

"मग ओरडला का नाहीत? निघून का गेला नाहीत? तुमचा नेम मोडला माझ्यामुळं."

"नेम गेला खड्ड्यात." ते उठून बसले. "तू मला उठवलीस तवा तुझ्या तोंडाकडं बघितलो मी. डोळं खोल गेल्यालं. कितीक दिस झोपली नव्हतीस कुनास ठाव. मनात म्हनलो, हिचं काम सपल्याबिगार ही काय झोपत न्हाय. मी तितं नेम पाळत बसलो तर ही पोरगी आजून आठ दिस तशीच जागी ऱ्हानार. म्हनून करून टाकलो. म्हनलो, जाईल घरला, झोपंल."

मला हुंदका आवरेना. रडत रडतच मी म्हटलं, "पण आप्पा, ते डोळे..."

"मला तीनच दिस मिळाल्यालं. माझ्या नजरंला बुद्ध कुठला दिसतोय एवढ्यात?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "समोर तू हुबी हुतीस. तुझं डोळं केलो."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मग, झोपलीस का न्हाय त्यानंतर?"

"हो आप्पा," मी म्हटलं. तेही खोटंच.

पुढच्या महिन्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, काकू चारला चहा घेऊन उठवायला गेल्या, तर अंग गार. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. डॉक्टरही म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, कशाचाच काही संबंध नाही. मला ते कळतं. कळून काय करू?

शेड आता मी चालवते. डोळे मीच करते. त्याआधी चेहरा झाकते, टाळं लावून पाणी मारण्यापुरती किल्ली वेल्डिंगवाल्याकडे देते, कागलला घरी जाते आणि सात दिवस पाळते. कुणी कितीही फोन करो, उघडत नाही. लोक म्हणतात, आप्पांचा वारसा चालवला. पण ते सात दिवस मी अंथरुणावर टक्क जागी असते. नेम माझ्या हातात आला, विसावा आला नाही. आप्पा त्या सात दिवसांत कुठे जायचे ते ठिकाण मला सापडत नाही.

त्या गावाला मी पाच वर्षं गेले नव्हते. जायचं टाळतच होते. गेल्या महिन्यात फायबरला चिरा पडल्यात, बघून जा, असा निरोप आला, म्हणून जावं लागलं. दुपारची वेळ, विहारात कुणी नव्हतं. एक म्हातारी फरशी पुसत होती. रोज तीच झाडलोट करते, दिवाबत्ती करते, असं तिनंच सांगितलं. मी मूर्तीच्या मागे जाऊन चिरा बघितल्या, मापं घेतली. चेहऱ्याकडे मान वर केली नाही. निघताना चप्पल घालत होते, तर म्हातारी फडकं हातात तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"पावणं, तुमाला कुटंतरी बघितलंय मी."

"नाही हो मावशी. मी इकडची नाही."

"न्हाय कसं? रोज बघितल्यागत वाटतंय." ती जवळ आली आणि आपला ओला हात तिनं माझ्या गालाला लावला. "झोप येत न्हाय व्हय बाई तुमाला?"

मी तिथेच पायरीवर बसले. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ती माझ्या शेजारी बसून राहिली.